फुलाच्या सोप्यातले उपाशी पाव्हणे

कर्नाटकातल्या जोयड्याच्या बसस्टँडसमोर माझी खानावळ आहे. नाव रुक्मिणी, पण सगळे मला रुक्माक्का म्हणतात. इतकी वर्षं माणसांना वाढल्यावर कोण कसा आहे हे ताटावरच्या वागण्यावरून मला कळतं, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. हल्ली सांगत नाही. सूरजला मी महिनाभर वाढलं आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.

पण आधी फुलाचं सांगते. फुला वेळीप ही गुंद गावाच्या पलीकडच्या वाडीवरची कुणबी बाई. चाळिशीची, काटक आणि तोंडानं फटकळ. आठवड्यातून एकदा बसनं यायची, मला पत्रावळी आणि रानातले कंद द्यायची. मी भावात घासाघीस केली की सरळ गाठोडं परत बांधायला घ्यायची आणि शेवटी मीच नमतं घ्यायचे. तिचा नवरा लखू झाडावरून पडून कमरेत अधू झाला. रानातलं काम सुटलं, म्हणून गोव्यात एका बागेवर राखणीला राहिला. घरी फुला आणि तिची सासू बाळी, दोघीच. बाळीला जवळजवळ दिसत नव्हतं. दोघींची भांडणं अख्ख्या वाडीला ऐकू जायची, आणि एकीला सोडून दुसरी कधी जेवायची नाही.

त्या घराची एक रीत होती. दारात आलेल्या माणसाला आधी वाढायचं, आणि तो जेवल्याशिवाय घरातल्या कुणी घास घ्यायचा नाही. आमच्यातही पाव्हण्याला आधी वाढतात. पण तो नको म्हणाला तर आम्ही दोनदा आग्रह करतो आणि मग आपलं ताट ओढून घेतो. बाळीला ते जमत नव्हतं. पुढच्या सोप्यात, पडवीत, माणूस उपाशी बसलेला असला की तिच्या घशाखाली पेजही उतरायची नाही. ती हे कुणाला दाखवायला करत नव्हती, तिला खरंच गिळवत नसे.

लखूच्या दवाखान्यासाठी फुलानं बायकांच्या संघातून एका फायनान्सचं कर्ज काढलं होतं. तो संघ जमवायला आलेला माणूस म्हणजे सूरज. खानापूरकडचा, आपलंच मराठी बोलणारा, तोंडात साखर. पहिल्यांदा आला तो ऐन दुपारी. फुलानं त्याला नाचणीची भाकरी आणि कंदाची भाजी वाढली. भिंतीला टेकून बसलेल्या बाळीकडे बघून त्यानं विचारलं, "आजी, तुम्ही न्हाई बसणार?" तेव्हा फुलानं त्याला घरची रीत कौतुकानं सांगितली. का सांगू नये? आपल्या घरात एखादी चांगली गोष्ट असली तर माणूस सांगतोच.

सूरजनं ती नीट लक्षात ठेवली.

पुढं लखूला बागवाल्यानं पगार वेळेवर दिला नाही आणि फुलाचे हप्ते चुकले. मग सूरज मोटरसायकलवरून आणखी एका दांडग्या माणसाला घेऊन आला. दोघे सोप्यात बसले. फुलानं सवयीनं चटई टाकली, पाणी ठेवलं, दुपारी पानं वाढली. सूरजनं पान हातानं बाजूला सरकवलं.

"हप्ता दे, मग जेवतो," तो म्हणाला. "तोवर पाणी बी नको."

शिवी नाही, आरडाओरडा नाही. दिवस मावळेपर्यंत दोघे मोबाइल बघत बसून राहिले, मग उठून गेले. आत बाळी दिवसभर उपाशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फुलानं वाडीवर हात पसरला, पण तिथं कुणाच्या घरी काय असणार? त्यानंतर ते आठवड्यातून तीन-तीन, चार-चार दिवस येऊन बसू लागले. म्हातारीचं पोट ते केवढं, त्यातून वर्षानुवर्षांचा साखरेचा आजार. एकदा ती चुलीपाशीच घेरी येऊन पडली.

त्या दिवशी फुला खोटं बोलली. आयुष्यात तिनं लोकांना तोंडावर वाट्टेल ते सुनावलं असेल, पण सासूशी खोटं बोलायची ती पहिलीच वेळ. म्हातारीसमोर भाताचं ताट ठेवून म्हणाली, "ते जेवले, आत्ती. पोटभर जेवले. आता तुमी जेवा."

"जेवले व्हय? बरं झालं," बाळी म्हणाली आणि तिनं दोन घास घेतले.

सूरज सोप्यातून सगळं ऐकत होता. त्यानं आवाज चढवून हाक मारली, "आजी, आमी न्हाई जेवलो अजून. तुमची सून खोटं बोलतीया."

बाळीनं तोंडातला घास हातावर काढला. ताट हळूच बाजूला केलं आणि भिंतीकडे तोंड करून निजली. हे मला सांगताना फुला माझ्या खानावळीत उभी होती. एरवी कधी न रडणारी ती बाई पदर तोंडात कोंबून रडली.

मी तिला तशीच पोलीस ठाण्यात घेऊन गेले. तिथं हवालदार शिवानंद होता, घरी कानडी बोलणारा. माणूस वाईट नाही, माझ्याकडे उधारी ठेवत नाही.

"मारलं काय?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"शिव्या दिल्या? भांडी उचलून नेली?"

"न्हाई."

"मग केलं काय त्यांनी?"

"जेवले न्हाईत," फुला म्हणाली.

शिवानंदला आधी वाटलं आपल्याला मराठी नीट समजलं नाही. मग पोट धरून हसला. "ऊट केलं न्हाई, जेवलं न्हाई म्हणून कंप्लेंट? तुमी जेवा की. तुमचं तोंड कोण धरलंय?"

कुणी तोंड धरलं नव्हतंच. फुला बाहेर आली आणि बस धरून घरी गेली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सूरज आणि तो दांडगा माणूस संध्याकाळी माझ्याकडे जेवायला आले. फुलाच्या दारात बसणारा हाच तो सूरज, हे तोवर मला ठाऊक नव्हतं; गिऱ्हाइकाला मी कधी नाव विचारत नाही. माझ्याकडे तो रोजचं गिऱ्हाईक म्हणून यायचा, दोनदा भात घ्यायचा आणि आमटीची तारीफ करायचा.

"अक्का, सढळ हातानं वाढा," तो म्हणाला. "सकाळपासून कडकडीत उपास घडलाय."

"कसला उपास?" मी आपलं विचारलं.

दोघे एकमेकांकडे बघून हसले. सूरज भात कालवत म्हणाला, "आमचा ड्युटीचा उपास. कुणब्याच्या घरात पाण्याला बी शिवायचं न्हाई. आपण खाल्लं की म्हातारी खाती आणि बसल्या बैठकीची वाट लागती. उपाशी ऱ्हायलं की चार दिसांत पैसा भायेर."

माझ्या हातात आमटीचा डाव होता. ती आमटी त्याच्या डोक्यावर ओतावी असं मनापासून वाटलं. पण वाढलेल्या ताटावरून मी कधी कुणाला उठवलेलं नाही. त्या हरामखोराला मी जेवू दिलं. त्याचे पैसे मात्र घेतले नाहीत, हात लावायची शिसारी आली. "उद्यापासून दुसरी खानावळ बघ," एवढंच म्हटलं. कशाबद्दल ते त्याला कळलंही नाही.

तालुका कचेरीतला वासू कोपऱ्यात जेवत होता. त्यानंही सगळं ऐकलं होतं. वसुलीच्या नावाखाली लोकांना छळणाऱ्यांसाठी सरकारनं नवा कायदा केलाय, हे त्यानंच मला सांगितलं. माणसाच्या घरी पुन्हापुन्हा जाऊन, तिथं ठाण मांडून त्याला जेरीस आणलं तर तोही गुन्हा धरतात, मारहाणच व्हायला पाहिजे असं नाही. "आणि हे मुद्दाम करतात याला साक्षीदार आता आपण दोघं," वासू म्हणाला. बसच्या कंडक्टरबरोबर मी फुलाला निरोप धाडला.

या खेपेला आम्ही तिघं ठाण्यात गेलो. शिवानंदनं माझं बोलणं ऐकलं आणि तो हसला नाही. कागद पुढं ओढला. मग म्हणाला, "माझी आई बी उपाशी माणसाला सोडून जेवत न्हाई. मला हे सुचलं कसं न्हाई?" आणि लिहायला लागला.

दुसऱ्या दिवशी ते दोघे फुलाच्या दारात आले, तेव्हा तिनं चटई टाकली नाही. पाणीही ठेवलं नाही. उंबऱ्यात उभी राहून विचारलं, "कोर्टाचा हुकूम हाय तुझ्यापाशी?"

"हुकूम कशाला? आमी पाव्हणं हाय," सूरज म्हणाला आणि सोप्याच्या कठड्यावर टेकला.

"पाव्हणा न्हाईस तू. माज्या सोप्यातनं ऊठ. मागायचं तर रस्त्यावर हुबा ऱ्हाऊन माग, मी न्हाई म्हणणार न्हाई. आत बसायचं न्हाई."

हे तिनंच मला सांगितलं. त्या घरात दारातल्या माणसाला ऊठ म्हणणारी ती पहिलीच. सूरज जागचा हलला नाही. शेजारच्या घरात थांबलेला शिवानंद आला आणि दोघांना घेऊन गेला. फायनान्सचा मोठा साहेब धावत आला. हप्त्यांना मुदत मिळाली, घरी कुणी फिरकणार नाही असं लिहून मिळालं. वाडीवरच्या बायकांनी फुलाला मध्ये बसवून चहा पाजला. मलाही वाटलं, सुटली बाई.

त्या दुपारी फुलानं सासूपुढं ताट ठेवलं. "गेले, आत्ती. पोलिसांनी नेले. भायेर कोण न्हाई. जेवा."

"मागं बी तू असंच सांगितलंस," बाळी म्हणाली.

शेजारणीनं सांगून पाहिलं. ती फुलाच्या बाजूची, असं म्हातारीला वाटलं. गोव्याहून लखू आला, त्यानं आईच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली. तो परवा आलाय, त्याला काय ठाऊक, असं म्हणाली. शेवटी फुलानं तिला धरून सोप्यात नेलं, कठडा चाचपायला लावला, कोपरा अन् कोपरा हातानं दाखवला. बाळीनं सगळीकडे हात फिरवला. मग दबक्या आवाजात, आतल्यांना ऐकू जाऊ नये तशी, समोरच्या मोकळ्या अंगणाला म्हणाली, "बाबांनो, पोर गरीब हाय. चार घास खावा की."

ती अगदीच जेवली नाही असं नाही. लखू सोप्यात बसून मोठ्यानं भुरके मारायचा, तेव्हा पाव्हणे जेवताहेत असं समजून घोटभर पेज घ्यायची. त्यालाही कामावर जावं लागलं. श्रावण लागायच्या आत बाळी गेली. डॉक्टरनं वय झालं होतं असं लिहिलं. ते खोटं नाही.

खटला उभा राहिला आहे. पुरवणी जबाबासाठी शिवानंदनं फुलाला बोलावलं, तेव्हा तिच्याबरोबर मी होते. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मी सासूशी खोटं बोलले, ते जेवले म्हणून. त्येबी लिवा."

शिवानंदनं पेन खाली ठेवलं. "फुलाक्का, ते नको. त्यांचा वकील तेच धरून बसेल. तुझीच केस मोडेल."

"मोडू दे. म्हातारी माजं खरं ऐकत न्हवती ती त्याच्यापायी. त्यांनी तिला उपाशी ठेवली, आन् मी तिचा इस्वास घालवला. दोनी लिवा."

शिवानंदनं माझ्याकडे बघितलं, मी तिला समजवावं म्हणून. मी म्हटलं, "लिहा, साहेब."

त्यानं लिहिलं, वाचून दाखवलं, आणि फुलानं खाली सही केली.