झुवेनाखालाचं वय

आमच्या हैलात गावात माणसाच्या मालकीचं घर असे, खजुराची झाडं असत, पाटाच्या पाण्यातली पाळी असे. वय मात्र झुवेनाखालाकडे ठेवायला दिलेलं असे. ज्याला लागेल त्याने तिच्या दारात जाऊन मागून आणायचं. मला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा माझा बाप तिच्याकडे गेला आणि "सात" घेऊन आला. तेच सात पुढे वाढत वाढत एकतीस झालं.

ती गावाची सुईण. डोंगरावर दवाखाना नव्हता तेव्हापासूनची. तिचा स्वतःचा नवरा तरुणपणी झांझिबारला गेला आणि मागून फक्त त्याच्या मरणाचं पत्र आलं. मूल झालं नव्हतं. दुसऱ्यांची पोरं जगात ओढून काढण्यात तिचं आयुष्य गेलं, आणि त्या प्रत्येकाचं वर्ष तिच्या डोक्यात दुसऱ्या कुणाच्या तरी वर्षाला बांधलेलं होतं. एक सोडवायला जावं तर सगळं गाव हातात येई.

देशाची पहिली जनगणना निघाली तेव्हा मी खालच्या शहरात शिक्षक होतो. सरकारने शिक्षकांनाच प्रगणक केलं, कारण आमच्याकडे पेन्सिली होत्या आणि शाळा बंद ठेवली तर रडणारं कुणी नव्हतं. माझ्या वाट्याला माझंच गाव आलं. एक्केचाळीस घरं, चार दिवस, लाल रंगाचा डबा, एक कुंचला आणि गुप्ततेची शपथ. निरीक्षक म्हणाला, "वयाचा रकाना रिकामा आणलास तर उलट्या पावली डोंगर चढायला लावीन."

ज्यांना आपला जन्म माहीत नाही त्यांच्यासाठी एक छापील यादी दिली होती. कोणत्या वर्षी काय घडलं ते सांगायचं आणि माणसाला विचारायचं, तुम्ही आधीचे की नंतरचे? यादीत सर्वांत वर पहिलं महायुद्ध होतं. आमच्या गावाला ते कळलंच नव्हतं.

दारावर लाल आकडा रंगवायचा आणि आत जायचं. खजूर, कहवा. मग "काय बातमी?" "बातमी काही नाही." "खालची काय बातमी?" "खालचीही काही नाही." एवढं झाल्याशिवाय आमच्याकडे घर पेटलं तरी कुणी सांगत नाही. तीन कप झाले की मी तक्ता उघडे. नाव, घरप्रमुखाशी नातं, जन्म.

"जन्म म्हणजे, गाय हौदात पडली त्या वर्षीचा मी," खल्फानकाका म्हणाला. त्याच्या घरावर मी पाच आकडा रंगवला होता आणि तो त्याला तिरका वाटत होता.

"गाय कधी पडली?"

"मी झालो तेव्हा."

"काका, सरकारला गाय माहीत नाही."

"मग सरकार कसलं? जा, झुवेनाला विचार."

सगळ्यांनी तेच सांगितलं. अपवाद एकटा सुलैम. तो आमचा पाटकरी, पाण्याच्या पाळ्या वाटणारा. उन्हात रोवलेल्या काठीची सावली बघून अर्ध्या अर्ध्या तासाचं पाणी तो असं तोडून देई की भावाभावांत भांडण होत नसे. तरुणपणी डोंगरापलीकडून आला होता, म्हणून त्याला जन्मताना इथे कुणी पाहिलेलं नव्हतं. "टोळधाडीचं वर्ष," तो म्हणाला, आणि परत सावलीकडे बघू लागला. यादीत टोळधाडी दोन होत्या, आठ वर्षांच्या अंतराने. मी अलीकडची धरली. वय सत्तावन्न. दोन वेळा विधुर.

दुसऱ्या दिवशी मी झुवेनाखालाच्या दारावर सतरा आकडा काढला आणि चाळीस घरांचे रिकामे रकाने घेऊन तिच्यासमोर बसलो. तिने दोन तासांत गाव भरून दिलं. पहिला गावचा प्रमुख, शेख जहरान. तिच्या सुईण मावशीचा हात भाजला होता म्हणून तेरा वर्षांच्या झुवेनाला पुढे ढकललं गेलं, आणि तिच्या हातात पहिला आला तो जहरान. चाळीस दिवसांनी खल्फान. त्याच्या मागून पाट आटला त्या वर्षीच्या तीन पोरी. शेवटी मी.

"तू पायाळू," ती म्हणाली. "आधी पाय बाहेर काढलेस आणि थांबलास. अजून तसाच आहेस. काम करायला निघतोस आणि दारात उभा राहतोस."

"आता तुमचं, खाला. किती मुलं झाली?"

"एकशे बारा."

"तुमची स्वतःची."

तिने माझा कप भरला. "मग शून्य जरा मोठं काढ," ती म्हणाली. "बारीक काढलंस तर मागून कुणी त्याच्या डावीकडे एक लिहील, आणि मला दहा पोरांची लग्नं करून द्यावी लागतील."

मी मोठं शून्य काढलं. पेन्सिल कागदावर जरा जास्तच रुतली.

"आणि वय?"

"एकोणपन्नास," ती म्हणाली. इतक्या झटक्यात, की त्या उत्तराची तिने उजळणी केली असावी.

मी घटनांची यादी बाजूला ठेवली. "खाला, शेख जहरान पन्नासचे आहेत."

"मग?"

"तुम्ही जन्मायच्या आधी वर्षभर त्यांना बाहेर काढलंत."

"पायाळू पोरं गणितात कच्ची असतात," ती म्हणाली. मग दार लोटून घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. सुलैमने तिला मागणी घातली होती. पुढच्या शुक्रवारी काझी निकाह लावायला येणार होता. पण सुलैमची एक अट होती, आणि ती त्याने तिच्याच दारात उभं राहून बोलून दाखवली होती. दोन बायकांना त्याने आपल्या हाताने माती दिली. तिसऱ्यांदा फावडं धरणार नाही. त्याला माती देईल अशी, वयाने त्याच्याहून लहान बायको हवी. झुवेनाखाला म्हणाली होती, "लहानच आहे मी."

"तीस वर्षं मी एकटीने कहवा प्यालेय," ती म्हणाली. "आणि आता तुझा तो रकाना माझं लग्न मोडतोय. मी एकोणपन्नासच. जहरानला छत्तीस लिही. बाकीच्यांचं त्यावरून खाली आण."

"सगळं गाव चौदा वर्षांनी लहान करू?"

"कुणी तक्रार करणार आहे का?"

गुप्ततेची शपथ मी घेतली होती, तिने नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच दारोदार फिरून प्रत्येकाला त्याचं नवं वय देऊन आली.

दुपारी बैठकीत सगळे पुरुष जमले होते आणि आनंदात होते. खल्फानकाका उभा राहून गुडघे वाकवून दाखवत होता. "छत्तीस! मी म्हणतच होतो, आवाज गुडघ्यांचा नाही, जोड्यांचा आहे." कुणी तरी मला शाळेत परत बसवायची सूचना केली, कारण आता मी सतरा वर्षांचा होतो. दाराजवळ, पाण्याची काठी मांडीवर आडवी घेऊन, सुलैम बसला होता. तो हसत नव्हता.

शेख जहरान उशिरा आला. त्याचा चेहरा कढईसारखा तापलेला होता. "माझा मुलगा फौजेत आहे. त्याच्या ओळखपत्रावर तीस वर्षं लिहिलंय. म्हणजे मी सहा वर्षांचा असताना बाप झालो?"

"शेख," खल्फानकाका म्हणाला, "तुमची घाई सगळ्या गावाला ठाऊक आहे."

बैठक इतकी हसली की कहवा वाढणारा थांबला. शेखने कापडात गुंडाळलेलं घरचं कुराण आणलं होतं. शेवटच्या कोऱ्या पानावर त्याच्या बापाने, गावातल्या त्या काळच्या एकुलत्या एक लिहित्या माणसाने, मुलाचा जन्म लिहून ठेवला होता. महिना, वार आणि वर्ष. मी वाचलं, हिशेब केला, सांगितलं, "पन्नास."

सगळे पुन्हा चौदा वर्षांनी म्हातारे झाले. ते होताना दिसलं, खांदे खाली आले. खल्फानकाका बसला आणि त्याचे गुडघे वाजले.

"आणि जहरान झाला तेव्हा झुवेना किती होती?" तो म्हणाला. "तेरा ना? पन्नासात तेरा मिळवले..."

"काका, पुरे," मी म्हणालो.

पण बेरीज एकदा सुरू झाली की ती कुणाचं ऐकत नाही. बैठकीतल्या प्रत्येक ओठावर आकडा उमटलेला मला दिसला. सुलैम काठी घेऊन उठला. "पाणी बदलायची वेळ झाली," तो म्हणाला आणि निघून गेला. पाणी बदलायला अजून बराच अवकाश होता. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण इतक्या वर्षांत तो कधीच चुकला नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी झुवेनाखालाने दार अर्धंच उघडलं. "लिही त्रेसष्ट," ती म्हणाली. "आणि तो लाल आकडा दारावरून पुसून टाक. लग्न नाही तर नाही, निदान दार तरी माझं असू दे." मी त्रेसष्ट लिहिलं. रंग पुसायची परवानगी मला नव्हती.

गावाबाहेर पडायचा रस्ता पाटाच्या कडेने जातो. काठीजवळ सुलैम उकिडवा बसला होता. सावली दगडाला टेकायची वाट बघत होता. "बस," तो म्हणाला. मी बसलो. बातमी काही नाही, खालचीही नाही, हे आम्ही उरकलं.

"माझा तक्ता काढ. टोळधाड कोणती लिहिलीस?"

"अलीकडची. सत्तावन्न होतात."

"खोड. पहिली लिही."

"पहिली म्हणजे पासष्ट होतात, काका. खरी कोणती?"

"टोळ काय मला सांगून आले होते? आई म्हणायची, टोळधाडीत झालास. कोणती, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ह्या गावात फक्त माझंच वय मोकळं आहे. ते तरी उपयोगाला येऊ दे." त्याने काठीच्या मुळाशी माती दाबली. "पन्नास आणि तेरा त्रेसष्ट. मी पाणी वाटणारा माणूस आहे, बाबा. ही बेरीज मी मागणी घालायच्या आधीच केली होती."

"मग ती अट कशाला घातलीत?"

"तिच्या दारात उभा होतो. मागणी कशी घालतात ते विसरलो होतो. काही तरी बोलायला हवं होतं. तोंडातून फावडंच आलं." मग म्हणाला, "लहानच आहे म्हणाली ती. माझ्यासाठी कुणी खोटं बोलावं, असं पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं. बाई खोटी पडता कामा नये. लिही."

मी खोडरबर काढलं. दोन्ही टोळधाडी सरकारच्याच यादीत होत्या, त्यात माझं काही गेलं नाही. सत्तावन्न पुसलं, पासष्ट लिहिलं. सावली दगडाला टेकली. त्याने उठून पाण्याची फळी सरकवली आणि पाणी दुसऱ्या वाफ्यात वळलं.

मी परत फिरलो. पायाळू माणूस दारात थांबतो, एवढं तरी तिचं खरं करायला हवं होतं. सतरा नंबरच्या फटीतून मी फक्त एवढंच म्हणालो, "खाला, शपथ मोडता येत नाही. पण सुलैमकाका सगळ्यांना सांगत सुटले आहेत की ते पहिल्या टोळधाडीतले आहेत." हे खोटं होतं. दुपारपर्यंत ते खरं होणार होतं, कारण खल्फानकाका मागेच उभा होता.

आत ती मोजत होती. मग दार सताड उघडलं.

"पासष्ट?" ती ओरडली. "मी दुसरी धाड धरून सत्तावन्न मोजले होते! असला म्हातारा माझ्या गळ्यात मारायला निघालेत?" तिने डोक्यावरचं कापड सारखं केलं. "ये, पायाळू, आत ये, उभा काय राहिलास. कहवा घे. आणि काझीला निरोप दे, शुक्रवारपर्यंत थांबू नको म्हणावं. त्या वयाच्या माणसाचा काय भरवसा?"