अकराव्या स्लाइडवरचा बैल

मी अकराव्या स्लाइडवर होते. पहिल्या रांगेतले टेंभरेकाका उठले, टेबलावरचा बैलाचा जबडा उचलला आणि उलटा करून पाहू लागले. हा जबडा अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे, कुणी हात लावू नका, असं मी नुकतंच माइकवरून बजावलं होतं.

गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडजवळच्या एका गावातली शाळा, २०११चा हिवाळा. दोन वर्षांपूर्वी काकांच्याच शेतातल्या टेकाडावर आमचं उत्खनन झालं होतं. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मधे हे टेकाड आणि त्याच्या पोटात लोहयुगातल्या वस्तीची खापरं. टीममध्ये हाडांचं काम माझ्याकडे होतं. माझी नोकरी प्रोजेक्टपुरती होती आणि प्रोजेक्ट मार्चमध्ये संपत होता. पुढच्या आठवड्यातल्या कॉन्फरन्समध्ये हा जबडा गाजला तर मुदतवाढ, नाहीतर मी घरी. गावातलं भाषण ही त्याची रंगीत तालीम होती.

जबडा सापडला तेव्हा काका धानाच्या मळणीत होते. आम्ही तो मातीच्या गोळ्यासकट उचलला आणि लॅबमध्ये नेऊन साफ केला, त्यामुळे गावात तो कुणी धड पाहिलाच नव्हता. खोदणाऱ्या यमुनाबाईंनी मात्र दोनदा सांगितलं होतं, "मॅडम, इतं माती नरम लागून राहिली." मी डायरीत लिहिलं, 'या भागात काम भराभर होते.'

आमच्या खड्ड्यात बैलाचं फक्त डोकं आलं होतं. त्यावरून मी ठरवलं की पूर्वी इथे बैलाचं डोकं पुरण्याचा काहीतरी विधी असावा. जबड्याच्या डाव्या बाजूला हाडाची मोठी गाठ होती. तिला मी 'प्राचीन पशुरोगाचा पुरावा' म्हटलं.

मग आयसोटोपची तपासणी. एकाच मूलद्रव्याचे काही अणू हलके असतात, काही किंचित जड. त्यांचं प्रमाण मोजलं की जनावर काय खात होतं आणि कुठे वाढलं, ते कळतं. ज्वारीचा कडबा खाल्लेल्या आणि धानाचं तनस, म्हणजे भाताचा पेंढा, खाल्लेल्या जनावराच्या हाडातला कार्बन वेगवेगळा दिसतो. स्ट्रॉन्शियम खडकातून मातीत, मातीतून चाऱ्यात आणि तिथून दातात येतं. दाताचं कवच लहानपणी तयार होतं ते कायमचं. म्हणून दात वासराचं गाव सांगतो.

या दातांनी सांगितलेलं गाव गोंदियाचं नव्हतं. पश्चिमेकडच्या काळ्या खडकाच्या मुलखात, कडब्यावर वाढलेलं वासरू. जबड्याच्या हाडात मात्र शेवटच्या वर्षांतलं तनस. म्हणजे बैल तिकडून इकडे आला होता. अडीच हजार वर्षांपूर्वीचा बैलांचा व्यापार! मला त्या आठवड्यात झोप लागली नाही.

आता माझ्या शहाणपणाचा कळस सांगते. चाऱ्याची ही नोंद हाडातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनात असते. इथल्या उष्ण, पावसाळी हवेत ते फार काळ टिकत नाही. आमच्या बाकीच्या हाडांत ते जवळजवळ नव्हतंच, या एकाच जबड्यात भरपूर होतं. इथे कुणालाही शंका आली असती. मी लॅबमध्ये पेढे वाटले. आमचे सर, म्हणजे प्रोजेक्टचे प्रमुख, पेढा खाता खाता म्हणाले की एकदा कार्बन डेटिंग करून घे, हाडाचं वय पक्कं होईल. मी म्हटलं, थराचं वय खापरांवरून ठाऊक आहे, हाडाचं वेगळं कशाला?

तर काकांनी जबडा उलटा केला, गाठीवरून अंगठा फिरवला आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, आमचा पाखऱ्या तुमी कायले नेला?"

सभागृहात कुणी हसलं नाही. मला वाटलं, काकांचा काहीतरी घोटाळा होतोय.

"काका, हा फार जुना बैल आहे."

"जुनाच आहे. मी सातवीत होतो. ही गाठ अशी वाढली का त्याले चारा खाता येये नाही. बाबा आंबील पाजत होते."

काकांच्या वडिलांनी पाखऱ्या शंकरपटासाठी, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीसाठी, वर्ध्याकडून आणला होता. चिखलात तो कामाचा नव्हता, पण पटात त्याला तोड नव्हती. तो ऐन पावसाळ्यात मेला. सगळ्या बांध्या पाण्यानं भरलेल्या, कोरडी जागा एकच, टेकाड. तिथे खोल खड्डा करून, मीठ घालून त्याला पुरलं. यमुनाबाईंना लागलेली नरम माती त्या खड्ड्याची होती.

"पण आम्हाला फक्त डोकंच मिळालं," मी शेवटचा प्रयत्न केला.

"बाकीचा बईल टेकाडावरच्या आंब्याकडं आहे. तुमचा खड्डाच लहान होता."

माझी अवस्था काय झाली ते लिहीत नाही. व्यापार, विधी आणि प्राचीन रोग, तिन्ही पाच मिनिटांत निकालात निघाले. बाहेर येऊन मी सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तो कुठून आणला, ते त्यांनी तुझा पश्चिमेचा रिझल्ट ऐकण्याआधी सांगितलं की नंतर?"

पश्चिमेचा रिझल्ट बाराव्या स्लाइडवर होता. तिथवर मी पोचलेच नव्हते.

"मग रडू नकोस," सर म्हणाले. "ज्याचं मूळ गाव पक्कं माहीत आहे असा बैल आयसोटोपची पद्धत तपासायला शोधूनही मिळत नाही. तुला गाठीसकट मिळाला."

कॉन्फरन्समधला पेपर मी मागे घेतला. मग करून घेतलेल्या कार्बन डेटिंगचं उत्तर एका शब्दाचं आलं, 'आधुनिक'. त्या पेपरच्या जागी पाखऱ्यावर दोन पानांची टीप छापून आली आणि मला सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. पुराव्यापेक्षा माझ्या चुकीचा उपयोग जास्त झाला.

जबडा परत द्यायला मी स्वतः गेले. सौंदडच्या बाजारातून मिठाची थैली घेतली. काकांनी आंब्याजवळ खड्डा करून ठेवला होता. जबडा हातात घेऊन त्यांनी दात मोजले. मला खरोखर लाज वाटली.

"दोन दात कुठं गेले?"

"तपासणीत. दळून मशीनमध्ये टाकले."

"मंग काय बोलली मशीन?"

"की बैल पश्चिमेकडून आणला होता."

काकांनी जबडा खड्ड्यात ठेवला, वर मीठ घातलं आणि हात झटकले. "हे तर मीच सांगतलं असतं मॅडम. तुमी पहिल्या दिवशी चहाले थांबल्या नाही."

तेव्हापासून कुठल्याही उत्खननाचा पहिला दिवस मी शेतमालकाच्या ओसरीवर चहा पिण्यात घालवते. अहवालात त्याला 'प्राथमिक सर्वेक्षण' म्हणतात.