शनिवारच्या झाकणांमधले रंग

"हे परत आलेलं सातवं खोकं! स्क्रू आवळला की तडा. मॅडम, सोमवारपर्यंत माणूस सांगा, त्याला गेटबाहेर काढतो."

साहेबांनी खोकं माझ्या टेबलावर आदळलं. कुपवाडच्या आमच्या छोट्या कारखान्यात मीटरवर बसवायची पारदर्शक प्लास्टिकची झाकणं बनत. मी क्वालिटी बघायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नुकताच एक कॅमेरा आला होता आणि सगळे त्याला माझं खेळणं म्हणत.

खेळणं तसं साधं होतं. प्रकाशाच्या लाटा एरवी सगळ्या दिशांनी हलतात. पोलरॉइडची काच त्यातली एकच दिशा पुढे सोडते. झाकणामागे अशी एक काच, कॅमेऱ्यापुढे दुसरी, तिच्याशी काटकोनात. झाकण निवांत असेल तर स्क्रीनवर अंधार. आत ताण अडकलेला असेल तर लाटांची दिशा बदलते, प्रकाश दुसऱ्या काचेतून निसटतो आणि रंगीत पट्टे उमटतात. काचा फिरवून चार फोटो घेतले की कुठे किती ताण आहे ते कॉम्प्युटर मोजून देई.

खोक्यातली धड झाकणं मी एकेक करून लावली. काही काळी, काहींत कडेला आणि स्क्रूच्या भोकांभोवती नुसती रंगपंचमी! आधी मी दाण्यावर, म्हणजे कच्च्या मालावर संशय घेतला. मग साच्यावर. दोन दिवस वाया गेले. शेवटी बॅच नंबर कॅलेंडरशी लावून बघितले आणि कपाळावर हात मारला. रंगीत नग सगळे शनिवारचे. शनिवारची पाळी दत्तूमामांची.

दत्तूमामा रहिमतपूरचे. इकडे खोली घेऊन एकटे राहत. हात असा साफ, की त्यांचा नग तपासायची मला कधी गरजच वाटली नव्हती. त्या शनिवारी दुपारी मी गुपचूप त्यांच्या मशीनमागे जाऊन उभी राहिले. गरम झाकण फळीवर, कापडाखाली सावकाश निवायला ठेवायचं असतं. मामांनी ते सरळ बादलीतल्या गार पाण्यात टाकलं. असं एकदम गार केलं की ताण आतच अडकतो.

"मामा, अहो हे काय?"

मामा दचकले. "आवं मॅडम, नग भरलं की सुट्टी, शनवारचा नियमच हाय न्हवं? फळीवर निवत ठिवलं तर माझी पॅसेंजर चुकती." मग खाली बघत म्हणाले, "धाकटी लेक टेशनात येऊन बसती. मी उतारलो न्हाई तर दुसरी गाडी येस्तवर हलत न्हाई. लय वंगाळ वाटतं बगा."

माझे मिस्टर फौजेत, आसामात. नऊ महिने त्यांचं तोंड बघितलं नव्हतं. बादलीत झाकणं टाकून ते भेटणार असते, तर मी शंभर टाकली असती. खरंच सांगते.

पण रिपोर्ट खोटा लिहिता येत नव्हता. सोमवारी साहेबांना फोटो दाखवले आणि बादलीचंही सांगितलं.

"म्हणजे दत्तूच! काढा त्याला."

"काढा. पण नियम तोच राहिला तर दुसराही बादलीच शोधेल. त्यालाही घर असेलच की."

"नियम माझा आहे, मॅडम."

"माहितीय साहेब. म्हणून तर तुमच्याकडे आलेय."

साहेबांनी पाळ्यांचा तक्ता ओढून घेतला. चिडले होते, पण माणूस आडमुठा नव्हता. शनिवारची पाळी दोन तास लवकर सुरू झाली. मामांना बोलणी खावी लागली, पण नोकरी राहिली.

पुढच्या शनिवारी मी एकूण एक नग कॅमेऱ्याखाली घातला. सगळे काळे. मामा हातपाय धुऊन, पिशवी घेऊन दारात आले.

"मॅडम, तुमचं सायेब कवा येणार?"

"रजा मिळाली तर मे महिन्यात."

"येतील, येतील," म्हणत ते निघाले. त्यांच्यामागे धावत जाऊन मिळेल त्या गाडीत बसावं, असं फार वाटलं मला. पण मिरजेहून सुटणारी कुठलीच गाडी मला माझ्या मिस्टरांपर्यंत नेणारी नव्हती. खोलीवर गेले आणि त्यांना पत्र लिहीत बसले.

पुढे सगळी नोकरी क्वालिटीतच गेली. रिपोर्टात दोष लिहिण्याआधी मी तो नग बनवणाऱ्या माणसाला विचारत आले, काम संपलं की कुठे जायचंय? बरेचसे दोष तिथेच सापडले.