मामांचा फ्रेममधला रिपोर्ट

फुशारकीत आमच्या शिंपीमामांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "कोलेस्टेरॉल बघ, तुझ्या निम्मं!" असं बेकरीवाल्या मेव्हण्याला हिणवायला त्यांनी रक्ताचा रिपोर्ट फ्रेम करून दुकानात टांगला होता. दर महिन्याला स्वतःची पँट कमरेत आत घ्यायचे आणि म्हणायचे, "व्यायाम!" व्यायाम कसला, डोंबल! पायाने मशीन चालवायचे, एवढंच.

एकदा कोट शिवायला डॉक्टरीणबाई आल्या. फ्रेम वाचून मापं द्यायचंच विसरल्या. "मास्तर, यात चांगलं कोलेस्टेरॉलही तळाला गेलंय, ट्रायग्लिसराइड्स मात्र वर. त्यात ही पँट, कितीदा कमरेत आत घेतलेली. उद्या तपासून घ्यायला या."

एचआयव्ही निघाला. उपचार नसले की रक्तातली चरबी अशीही बिघडते, हे बाईंनी समजावलं. मामीची तपासणी ठीक आली, तरी आठवडाभर ती मामांशी बोलली नाही. मग गोळ्यांचा डबा तिनेच हातात घेतला.

वर्षभरात वजन वाढलं, कोलेस्टेरॉलही. मामा तणतणले, "गोळ्यांनी माझा रिपोर्ट नासवला!"

"रिपोर्ट गेला खड्ड्यात. आधी पँट उसवा," मामी म्हणाली.

मामांनी शिवण उसवली. व्यायामाच्या एवढ्या बाता मारणाऱ्या त्या माणसाने आत घेतलेलं कापड एकदाही कापून टाकलं नव्हतं.