दुखवट्याचा तहकूब ठराव

जबलपुरातल्या घमापूरच्या विभावरीबाई सुवर्णद्वीप संशोधन मंडळाच्या सभासद कशा झाल्या, हे मंडळातल्या विद्वानांनी पुढे कोणाला धड सांगितलं नाही. जावा, सुमात्रा, चंपा, कंबोज या देशांशी बाईंचं काही देणंघेणं नव्हतं. माहेर सिहोऱ्याचं, सासर जबलपूरचं, आणि यापलीकडे जे काही जग आहे ते आपला नवरा पळवायलाच बसलं आहे, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब, निवृत्त हेडमास्तर. पूर्वजांनी समुद्र ओलांडून तिकडे देवळं कशी बांधली यावर ते तास तास बोलत. स्वतः मात्र भेडाघाटला नावेत बसले की त्यांना मळमळायचं. चिटणीस रत्नाकरराव गन कॅरेज फॅक्टरीत बाबू. आठवडाभर तोफांच्या गाड्या, रविवारी संध्याकाळी बोरोबुदूर. बाकीचे सभासदही असेच, कारखान्यातले नाहीतर रेल्वेतले. त्यांतला एक जण कलकत्त्यापर्यंत गेला होता, तोही मेव्हण्याच्या लग्नाला.

खरा समुद्र ओलांडला होता तो एकट्या शशिकांतने, म्हणजे विभावरीबाईंच्या नवऱ्याने. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाच तो रंगूनला सागवानाच्या वखारीत कारकुनी करायला गेला. बिऱ्हाड लागलं की बोलावतो म्हणाला. बिऱ्हाड काही लागेना. मंडळाला मात्र तो पागोड्यांची, म्हणजे तिथल्या बौद्ध मंदिरांची, लांबलचक वर्णनं पाठवी, म्हणून मंडळाने त्याला आपला रंगून प्रतिनिधी नेमलं होतं. बायकोच्या वाट्याला खुशालीच्या चार ओळी यायच्या.

मग जपान्यांनी रंगूनवर बाँब टाकले, शहर पडलं आणि त्या चार ओळीही बंद झाल्या. इकडे जबलपुरात कारखाने रात्रंदिवस धडधडू लागले. विभावरीबाईंनी पोटासाठी एका ठेकेदाराकडून फौजी कपड्यांची काजं करायचं काम घरी आणलं. ब्रह्मदेशातून जीव घेऊन आलेली माणसं गाडीने जायची, तेव्हा त्या स्टेशनवर जाऊन उभ्या राहत आणि दिसेल त्याला शशिकांतचं वर्णन ऐकवत. त्याला कोणी पाहिलं नव्हतं. पण त्याचं प्रेतही कोणी पाहिलं नव्हतं, आणि बाईंना तेवढं पुरेसं होतं.

मंडळाला ते पुरेना. संशोधनापायी देह ठेवलेला आपला एक तरी माणूस असावा, अशी भय्यासाहेबांची जुनी हौस होती. देह ठेवायला तयार असा सभासद आजवर मिळाला नव्हता. त्यामुळे बेचाळीसच्या दिवाळीनंतर रत्नाकरराव घसा खाकरत बाईंच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, येत्या रविवारी दुखवट्याचा ठराव आहे. तुम्ही पुढच्या खुर्चीत बसा."

"कोणाचा दुखवटा?"

"आपल्या शशिकांतरावांचा. ग्रंथांच्या कपाटाला त्यांचं नाव देऊन राहिलो आम्ही. पाटीसुद्धा रंगवून आली."

"ते गेले म्हणून सांगितलं कोणी?"

"सांगितलं नाही कोणी. पण कार्यकारिणीचं तसं मत पडलं."

बाईंनी सुई कापडात खोचली. "काहून हो रत्नाकरभाऊ, तुमच्या कार्यकारिणीच्या मतानं मी कुंकू पुसू?"

रत्नाकरराव आले तसे परत गेले. बाई मात्र स्वस्थ बसल्या नाहीत. मंडळाची एक रीत त्यांना नवऱ्याच्या तोंडून माहीत होती. बाकी ठराव बहुमताने होत, दुखवट्याचा मात्र एकमतानेच. मेलेल्या माणसाविरुद्ध मतं पडलेली बरी दिसत नाहीत, म्हणून ही रीत. आणि एकदा मांडलेला ठराव एकमत होईपर्यंत दर सभेला पुन्हा पुढे यायचा.

रविवारी भय्यासाहेबांच्या बाहेरच्या खोलीत सभा भरली. विभावरीबाई काजांची पिशवी घेऊन आल्या, वर्गणी भरून सभासद झाल्या आणि खाली सतरंजीवर बसल्या. भय्यासाहेबांनी ठराव वाचला. "विरोध?" असं त्यांनी केवळ रिवाज म्हणून विचारलं. बाईंनी हात वर केला. हातात खाकी पाटलोण तशीच होती.

"माझा."

ठराव तहकूब झाला. पाटी कपाटामागे तोंड भिंतीकडे करून ठेवली गेली.

तेव्हापासून युद्ध संपेपर्यंत विभावरीबाईंनी एक सभा चुकवली नाही. चंपा आणि कंबोजच्या राजांवरची व्याख्यानं त्यांनी काजं करत ऐकली. जो तो राजा कुठला ना कुठला वर्मा निघतो हे पाहून, "यांच्या घरी बारशाला आत्या नव्हती का?" असं त्यांनी एकदा भर सभेत विचारलं. अंगात ताप असतानाही त्या आल्या. भाचीच्या लग्नात पंगत अर्धी टाकून सिहोऱ्याहून मोटारीने परतल्या. लोकांना तो हट्ट वाटायचा. ती खरी भीती होती. एका सभेला आपला हात वर गेला नाही, तर नवरा तिकडे खरोखरच मरेल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. ही भीती त्यांनी कोणालाही सांगितली नाही.

विद्वानांनाही सवय झाली. तो ठराव आला की भय्यासाहेब आतल्या घरात चहाचं आधण ठेवायला सांगत.

शेचाळीसच्या उन्हाळ्यात शैलेंद्र नावाचा एक स्टोअरकीपर खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात बदलून आला. तो फौजेबरोबर रंगूनला राहून आलेला होता. सुवर्णद्वीपात पाय ठेवलेला जिवंत माणूस मंडळाला प्रथमच मिळत होता. रत्नाकररावांनी लगोलग त्याचं व्याख्यान ठरवलं. बिचारा गावात नवा होता, खोलीत कोण कोणाचं कोण हे त्याला ठाऊक नव्हतं.

पागोड्यांबद्दल त्याला दोन वाक्यांपलीकडे काही सांगता येईना. पण गप्पिष्ट होता. "अच्छा, एक गंमत सांगतो," तो म्हणाला. "तिथं एक मराठी गृहस्थ भेटले, इथलेच. शशिकांत नाव. तलावाकाठी दुकान आहे, बर्मी बायको आहे, दोन गोंडस पोरी. काय जेवू घातलं त्यांनी मला. निघताना म्हणाले, जबलपुरात कोणी विचारलं तर भेटलो नाही म्हणा."

"दुसरे कोणी असतील," रत्नाकरराव कसेबसे म्हणाले.

विभावरीबाईंनी मान वर केली. "बोलताना दर वाक्याला 'वस्तुतः' म्हणतात का?"

"हो जी, दीदी. तुम्ही ओळखता त्यांना?"

"तब्येत कशी आहे?"

"मस्त. पोट सुटलंय."

बाईंनी मांडीवरचं कापड घडी करून पिशवीत ठेवलं. मग म्हणाल्या, "भय्यासाहेब, तो दुखवट्याचा ठराव घ्या. आज मी मांडते."

"अहो विभावरीबाई, आता कसा घेता येईल? ते तर जिवंत आहेत."

"जिवंत तर ते तेव्हाही होते. तुम्ही दर सभेला मारून राहिले होते, तेव्हा नियम आठवला नाही?"

भय्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. अनुमोदन द्यायला कोणी उठेना. अखेर रत्नाकरराव उभे राहिले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "वहिनींच्या ठरावाला माझं अनुमोदन."

"विरोध?" भय्यासाहेबांनी विचारलं.

सवयीने सगळ्यांच्या नजरा सतरंजीकडे गेल्या. विभावरीबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. उजवा हात वर जायला निघाला होता, तो त्यांनी डाव्याने धरून ठेवला.

ठराव एकमताने मंजूर झाला. मंडळी उठून माना खाली घालून उभी राहिली. शैलेंद्रही उभा राहिला, त्याला अजून कळलं नव्हतं कोण गेलं ते. बाई उभ्या राहिल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत रडल्या. स्टेशनवर ज्याला शोधलं, ज्याच्यासाठी आपण ताप घेऊन इथवर आलो, तो आत्ता गेला, असं त्यांना वाटलं आणि त्याचं त्यांना अतोनात दुःख झालं. स्तब्धतेची दोन मिनिटं केव्हाच उलटली होती. भय्यासाहेबांच्या हातात घड्याळ होतं, पण त्यांनी बसा म्हटलं नाही. विभावरीबाई खाली बसेपर्यंत कोणीच बसलं नाही.