बालिंत-सानला कोणी रागवेना

आमच्या बाजारगल्लीत इसोगाई-सानची बोलणी न खाल्लेलं एक माणूस शोधून दाखवा, मी फुकटात केस कुरळे करून देईन. बँकेच्या मॅनेजरनं खाल्ली, सायकल आडवी लावली म्हणून. देवळातल्या पुजाऱ्यानं खाल्ली, घंटा घाईघाईनं उरकतो म्हणून. नगराध्यक्षांनी तर भर सभेत खाल्ली आणि बाहेर येऊन छाती फुगवून सांगितलं, "मला म्हणाल्या, तुझा बाप बरा होता तुझ्यापेक्षा!" माझी तर गणतीच नको. बाईंचं चहापत्तीचं दुकान, गल्लीच्या संघाच्या त्या अध्यक्ष, वय ऐंशीला टेकलेलं, उंची माझ्या खांद्याइतकी आणि हातात कायम घडीचा पंखा. वारा घ्यायला नव्हे हो, माणसांवर रोखायला.

सगळ्या गल्लीत एकच माणूस कोरडा राहिला होता. बालिंत-सान.

हा मूळचा हंगेरीचा. पियानोचे सूर लावतो. इथं जपानमधे, समुद्राकाठच्या आमच्या गावात येऊन त्याला वीसेक वर्षं झाली, पण अजून रस्त्यानं जाताना असा जातो की कौलांवरून मांजरं मान वळवून बघतात. उंच, लाल नाक, पांढऱ्या मिशा. त्याच्याशी तोंडावर अहो-जाहो आणि पाठीमागं अरे-तुरे, ही गल्लीची रीत, ती मी इथंही पाळते.

माझं दुकान खरं तर बायकांच्या केसांचं. पण समोरचा न्हावी दर खेपेला "अहाहा, जपानी काय सुंदर बोलता!" म्हणतो म्हणून वैतागून हा माझ्याकडे यायला लागला. कुरळे करायच्या यंत्राखाली चार बायका ओळीनं बसलेल्या, आणि मधल्या खुर्चीत हा आपली मतं मांडत बसलेला. मतं तरी किती! पियानोच्या निमित्तानं घराघरांत जातो ना, मग सगळं कळतं त्याला.

"फुसाए-सान," मला म्हणतो, "तुमच्या देशात पियानो हे वाद्य नाही, बाहुल्या मांडायचं कपाट आहे. मुलगी लग्न होऊन गेली की त्यावर झालर घालतात. मग वर्षातून एकदा मी येतो, झालर काढतो, सूर लावतो, झालर घालतो. मी काय सूर लावणारा? मी श्राद्धाचा भटजी."

बायका यंत्राखाली खिदळतात. मग टीव्हीवर घसरतो. "एक माणूस शेवया खातो आणि कोपऱ्यातल्या चौकटीत दुसरा माणूस त्याला बघून थक्क होतो! शेवया बघून! जन्मात बघितल्या नव्हत्या काय त्यानं?" मग त्या नाचऱ्या-गात्या पोरींच्या मागं लागलेल्या बाप्यांवर. ते बागेत जमून त्यांच्या गाण्यांवर एका तालात दिवे हलवायचा सराव करतात ना, त्यांचं मात्र त्याला कौतुक. "आमच्या चर्चमधे इतक्या शिस्तीचे गायक कधी पाहिले नाहीत. आणि हे तर गातसुद्धा नाहीत!"

पण त्याचा खरा राग बाहुल्यांवर. म्हणजे ते गावोगावचे गुबगुबीत बाहुले, ज्यांच्यात माणूस शिरून हात हलवतो. "पोलिसांचा बाहुला, पोस्टाचा बाहुला, गटारखात्याचासुद्धा बाहुला! 'इथं कचरा टाकू नका' असं तुमच्यात माणूस माणसाला सांगत नाही. हात जोडलेला ससा सांगतो. रागवायचं काम तुम्ही सशाला देऊन टाकलंय!"

"आमच्या इसोगाई-सान आहेत की रागवायला," मी म्हटलं.

झालं. त्याचा चेहरा पडला. कात्री थांबवून मी आरशात बघितलं, तर मिशा खाली लोंबलेल्या.

"तुम्हाला रागवतात," तो म्हणाला. "मला काय म्हणतात माहितीये? परवा त्यांच्या चहाच्या दुकानात गेलो. मला म्हणाल्या, 'जेवायच्या काड्या काय छान धरता हो तुम्ही!' वीस वर्षं, फुसाए-सान! मी त्यांच्या नवऱ्याच्या तेराव्याला भांडी घासलीत! स्तुती म्हणजे तुमच्याकडचं कुंपण आहे. फुलं लावलेलं, पण कुंपणच. ज्या दिवशी त्या बाई मला रागवतील ना, त्या दिवशी मी इथला."

"मी चिडवते की तुम्हाला!"

"चिडवणं पाहुण्यालाही चालतं. रागवायला माणूस आपलं लागतं."

आता माझा स्वभाव तुम्हाला सांगायला नको. मी म्हटलं, "अहो, मग चुका की काहीतरी. न चुकता बोलणी कशी मिळतील?"

यंत्राखालच्या चौघींनी माना डोलावल्या. कचरा, असं एकमतानं ठरलं. आमच्या गल्लीत चुकीच्या वारी चुकीचा कचरा काढणं म्हणजे देवाच्या मूर्तीवर चप्पल टाकण्यासारखं. बालिंत-साननं जाळायच्या कचऱ्याच्या दिवशी बाटल्या, डबे, माशाची हाडं आणि एक जुनी छत्री एकाच पिशवीत कोंबून थेट इसोगाई-सानच्या दारासमोर ठेवली, आणि पळून न जाता तिथंच उभा राहिला. शाळेत छडी खायला हात पुढं करतात तसा.

बाई बाहेर आल्या. पिशवी बघितली. त्याला बघितलं. मी समोरच्या खिडकीतून पडदा चावत होते.

बाई कमरेत वाकल्या हो! "माफ करा बालिंत-सान, आम्हीच तुम्हाला नीट समजावून सांगायला कमी पडलो." संध्याकाळी त्याच्या घरी गोड पुरणाच्या वड्यांचा खोका आणि पिशवीतला सगळा कचरा धुऊन, वेगवेगळा बांधून, छत्री दुरुस्त करून परत!

"छत्री दुरुस्त केली," तो माझ्या खुर्चीत बसून म्हणाला. रडायचाच बाकी होता. वड्या मात्र सगळ्या एकट्यानं संपवल्या होत्या.

मग आली उन्हाळी जत्रा.

आमच्या गल्लीचाही एक बाहुला आहे. आगोस्के. उडता मासा. आमच्या खाडीत ते मिळतात ना, म्हणून. निळं अंग, ताटाएवढे डोळे, आणि दोन्ही बाजूंना एवढाले पंख, की एकाही दुकानाच्या दारातून सरळ आत जाता येत नाही, खेकड्यासारखं आडवं शिरावं लागतं. त्याच्या आत दरवर्षी टोफूवाले हातानाका-सान शिरतात. यंदा त्यांची कंबर धरली. तरुण पोरं म्हणाली, उकाडा फार. मी म्हटलं, "बालिंत-सान आहेत की!"

"मी? त्या माशात? माझी बाहुल्यांबद्दलची मतं तुम्हाला ठाऊक आहेत!"

"अहो, इसोगाई-सान स्वतः देखरेख करतात त्या माशावर. कडक काम आहे. मागं हातानाकांनी शेपटीवर सोया सॉस सांडलं, तर तीन दुकानं पलीकडं ऐकू आलं."

मिशा ताठ झाल्या. "कधी यायचं?" म्हणाला.

मंडपामागं बाईंनी नियम सांगितले. म्हणजे इतरांना सांगतात तसे नाहीत. त्याला किती गोड! "बालिंत-सान, केवढे उपकार तुमचे. जमलं तर बोलू नका, आगोस्के बोलत नाही बरं का. आणि डोकं मंडपाबाहेर काढायचं नसतं. आगोस्केच्या आत कोणी नसतं. पण तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका हं." आणि कमरेत वाकल्या. माशाच्या तोंडातून मला त्याचे डोळे दिसत होते. 'बघा, बघा,' म्हणत होते.

पण बाहेर पडला आणि काय झालं माहितीये? माणूस खुललाच! तो कोण हे कोणालाच दिसत नव्हतं ना. पोरं शेपटीला लोंबकळली. मासळीवाल्या आजींनी पोटावर चापट मारली, "काय रे आगोस्के, यंदा सुटलास!" दारू चढलेल्या पोस्टमननं गळ्यात पडून बायकोच्या तक्रारी सांगितल्या. जपानी किती छान बोलता असं कोणी म्हटलं नाही, कारण मासा बोलतच नव्हता. आणि नाचला तरी काय! ढोलाच्या भोवतीच्या गोल नाचात पंखांनी पुढच्या-मागच्यांच्या टोप्या उडवत तीन फेऱ्या मारल्या. पाय एकदम अचूक. का नसतील? वीस वर्षं नाचतोय.

मग गावची टीव्हीवाली आली. बरोबर कॅमेरा. मंचावर बोलावलं. वर गोड आवाजात विचारलं, "आगोस्के-कुन, आपल्या गावातलं तुला काय आवडतं? मान हलवून सांग हं! समुद्र?"

आगोस्केनं मान हलवली.

"मासे? अरेच्चा, मासे तर तूच!"

आगोस्केनं पोट धरून हसून दाखवलं. मी पण हसले. पुढच्या रांगेत इसोगाई-सान पंखा मिटून खूष होऊन बसलेल्या.

"आणि माणसं? इथली माणसं अगदी शांत, कधी कोणावर चिडत नाहीत, हो ना?"

मासा थांबला. मी ओळखते ना त्याला! मत आलं होतं.

"छे!" मासा बोलला. खणखणीत, आमच्या खाडीच्या बोलीत. "कोण म्हणतं चिडत नाहीत? ही गल्ली उभी आहे ती एका बाईच्या रागावर! त्यांचा राग आहे म्हणून रस्ता झाडलेला असतो, घंटा वेळेवर वाजते. सगळ्यांना मिळतो तो राग! सगळ्यांना! आणि—"

ढोलवाल्याची काठी हवेतच. माझ्या शेजारची छोटी मिओरी हातातला बर्फाचा गोळा विसरून ओरडली, "आगोस्के बोलला!"

तेव्हा त्याला कळलं. आणि मग त्यानं जे केलं ते फक्त आमच्यातलाच माणूस करेल. चूक झाली ना, मग माफी मागायला हवी. आणि माफी मागताना डोक्यावर काही ठेवून कसं चालेल? त्यानं दोन्ही पंखांनी आगोस्केचं मुंडकं उचललं, काखेत धरलं आणि सगळ्या गावासमोर, कॅमेऱ्यासमोर, काटकोनात वाकला.

"माशाच्या आत आजोबा!" मिओरी किंचाळली. "आजोबांना गिळलं!" मग चाळीस पोरांनी एकदम भोकाड पसरलं. एक तर रडत रडत माशाच्या पोटात अजून कोण कोण आहे ते बघायला धावलं.

इसोगाई-सान कधी उठल्या, मंचाच्या पायऱ्या कधी चढल्या, मी बघितलंच नाही. पंख्याचा फटका फक्त ऐकला. टप्! माशाच्या पोटावर.

"अरे मूर्खा! अक्कल आहे की मिशांना तेल लावताना विकून खाल्लीस? काय सांगितलं होतं मी? बोलायचं नाही! डोकं काढायचं नाही! एवढी पोरं रडवलीस! हातानाकाची कंबर मोडली तरी त्याचं तोंड बंद असतं, आणि तुझं? वीस वर्षं झाली इथं राहून, अजून शिकला नाहीस? आणि माफी मागायला डोकं काढतोस? डोकं ठेवून वाकायचं, गाढवा! आधी ते घाल! उलटं नको, डोळे पुढं! आता पोरांसमोर जा, आगोस्केनं चुकून आजोबा गिळले होते, ते घरी सुखरूप पोचले असं खुणांनी दाखव! खुणांनी! एक अक्षर काढलंस तर शेपटी कापून सूप करीन!"

आणि मासा पायऱ्या उतरताना, तोंडाच्या फटीतून बघितलं मी. हा हसत होता! घामानं निथळत, नाक टोमॅटोसारखं, आणि डोळ्यांतून पाणी. मला बघून पंख हलवला. "ऐकलंत?" कुजबुजला.

"अख्ख्या खाडीनं ऐकलं! तोंड बंद ठेवा!"

आजोबा गिळले आणि घरी पोचले हे खुणांनी कसं दाखवतात ते मला विचारू नका. त्यानं दाखवलं. मिओरीनं टाळ्या वाजवल्या, म्हणजे पटलं असणार.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला माशाचं अस्तर धुवायला बसवलं. वड्यांचा खोका नाही, माफी नाही. तो माझ्याकडे आला तो झाडाखाली पिकलं फळ पडावं तसा खुर्चीत पडला आणि यंत्राखालच्या बायकांना बोलणी शब्दन् शब्द ऐकवली. 'मिशांना तेल' वर जरा थांबला, चव घेत. एकीनं विचारलं, "गाढवा नक्की म्हणाल्या?" "गाढवाही, मूर्खाही!" हा अभिमानानं. नगराध्यक्षांना नुसतं बापावरून बोलल्या होत्या, हेही त्यानं लक्षात आणून दिलं.

मी शेजारून थंड शेवया मागवल्या. मधल्या खुर्चीत मांडीवर शेवयांची टोपली ठेवून हा काड्यांनी सुर्र सुर्र खात होता. तेवढ्यात दार उघडलं. इसोगाई-सान. केस धुवायचा त्यांचा वार. त्याच्याकडे बघितलं, पंखा उघडला, मिटला, आणि त्याच्या बोटांवर रोखला.

"काड्या काय धरल्यास त्या? ढोल वाजवतोयस का? मी वीस वर्षं बघतेय, एकदा तरी सरळ धरशील असं वाटलं होतं. अंगठा खाली. आणखी खाली! फुसाए, तू काय दात काढतेस? पाणी गरम कर."