पाचाला उत्तर नाही

आमच्या गाद्यांच्या कंपनीत तक्रार विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे. त्या विभागात बावीस वर्षं मी एकच काम केलं, माफी मागितली. गादी खचली, माफी. गादीला वास येतो, माफी. चूक माझी कधीच नव्हती, पण सही माझी. ऑफिसात मला माफीवाले म्हणतात. घरी मी एकदाही कुणाची माफी मागितलेली नाही असं बायकोचं म्हणणं आहे, पण तो विषय वेगळा.

गोष्ट माझी नाही. माझ्या समोरच्या टेबलावर बसणाऱ्या नंबरबाईंची आहे.

तक्रारीचा फॉर्म आमच्याकडे पहिल्यापासून इंग्रजीत. त्यामुळे ज्याला इंग्रजी येतं तोही इंग्रजीत चिडतो आणि ज्याला येत नाही तोही. आपल्या भाषेत जे बोलायला माणूस कचरेल, ते परक्या भाषेत बिनधास्त लिहून मोकळा होतो. बाईंचं काम असं की प्रत्येक कागद वाचायचा, गिऱ्हाईक किती चिडलंय ते पाहायचं आणि वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं एक ते पाच आकडा टाकायचा. नुसतं 'डोन्ट लाइक' असेल तर एक. 'डिसलाइक' दोन. 'कान्ट स्टँड' तीन. 'हेट' चार. आणि 'डिटेस्ट', 'अभॉर', 'लोद' असं दातओठ खाऊन लिहिणारी मंडळी पाच. एक-दोनला छापील पत्र जायचं, तीनला माझ्या सहीचं, चारला पत्र आणि वर फोन. पाचाला काहीच नाही. जुन्या साहेबांनी नियमच करून ठेवला होता की पाचवाला माणूस आपल्या हातून गेलेला असतो, त्याला उत्तर देणं म्हणजे आगीत तेल ओतणं. कागद करड्या कपाटात, विषय संपला. साहेब निवृत्त झाले, नियम राहिला.

बाई मुळात खाली शिवणखात्यात होत्या, गाद्यांच्या खोळी शिवायच्या. नवरा लवकर गेला. मुलीला इंग्रजी शाळेत घातलं आणि पहिल्याच वर्षी लक्षात आलं, की पोरगी रागावली की इंग्रजीत रागावते आणि आईला एक अक्षर कळत नाही. आपलं लेकरू आपल्याला काय बोललं हेच कळू नये, ही गोष्ट बाईंच्या मनाला फार लागली. मग त्या जेवणाच्या सुट्टीत मशीनवर शब्दकोश उघडून बसायला लागल्या. बाकीच्या बायका हसायच्या. सात वर्षांनी याच बाई जिना चढून आमच्या मजल्यावर आल्या आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली.

कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा एका गिऱ्हाइकानं एकाच पानावर अकरा वेळा 'हेट' लिहिलं होतं. माझी तर पाचावर धारण बसली. बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "नियमानं चार. पण अकरा वेळा लिहिणाऱ्याला गादीचं काही पडलेलं नसतं हो. त्याला बोलायला माणूस पाहिजे. फोन करा." केला. म्हाताऱ्यानं चाळीस मिनिटं मला स्वतःच्या गुडघ्याची कहाणी ऐकवली आणि शेवटी गादी चांगली आहे म्हणाला.

दुसऱ्याचं असं नेमकं ओळखणाऱ्या बाईंना, मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेल्यापासून, घरात मात्र बोलायला कुणी नव्हतं. त्या आजारी असताना एकदा कागद द्यायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. लाँड्रीच्या वर दोन खोल्या. दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर वर्तमानपत्रांची रास. ती उचलून मला जागा करून देताना त्यांना ती रास कुठे ठेवावी ते सुचेना, म्हणून हातात धरूनच उभ्या राहिल्या. किती दिवसांत त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं, ते विचारायची मला छाती झाली नाही.

मुलगी शिकली, तिकडेच नोकरीला लागली. एके दुपारी तिचा फोन ऑफिसातच आला. मी समोर डबा खात होतो, सगळं ऐकू येतच होतं. मुलगी रडत होती एवढं मलाही कळलं. ऑफिसातल्या माणसांबद्दल, कामाबद्दल काहीतरी भडाभडा बोलत होती. बाई शांतपणे ऐकत होत्या आणि मग म्हणाल्या, "तू 'कान्ट स्टँड' म्हणालीस ना? म्हणजे तीन. तीनवर कुणी नोकरी सोडत नाही, बाळा."

पलीकडून फोन बंद झाला.

मी हसलो होतो. खरं सांगायला हवं म्हणून सांगतो, मला तेव्हा ते फार गमतीचं वाटलं.

चार दिवसांनी बाईंनी प्रिंटरवरून एक कागद काढला, उभ्या उभ्या वाचला, कोपऱ्यात पाच टाकला आणि करड्या कपाटात नेऊन ठेवला. असे कागद त्या रोजच ठेवत, त्यामुळे मी मान वर केली नाही. त्यानंतर त्यांच्या टेबलावर फोन वाजेनासा झाला. मुलगी कशी आहे विचारलं तर "कामात आहे" म्हणायच्या. हळूहळू मी विचारायचंही सोडलं. माणसाला आपल्या डब्यापलीकडचं दिसत नाही, तशातला मी.

चौदा महिन्यांनी कंपनीनं ठरवलं, की जुने कागद रद्दीत काढायचे आणि सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं. करडं कपाट उपसायचं काम माझ्या गळ्यात आलं. 'डिटेस्ट', 'लोद', 'डिटेस्ट' असं एकेक पाहत, शिंका देत बसलो होतो. एका कागदावर गिऱ्हाइकाचा नंबर नव्हता. सुरुवात 'आई' अशी होती आणि पुढचं सगळं इंग्रजीत. तुझ्याशी बोलणं मी 'लोद' करते, असं लिहिलं होतं. तुला मी माझं दुःख सांगते आणि तू ते तपासतेस. मी नोकरी सोडली आहे. खाली नाव नाही. वर कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं पाच.

मी तो कागद बाईंच्या टेबलावर आपटला. आपटलाच. "काय हो हे? पोटच्या पोरीचं पत्र रद्दीच्या कपाटात?"

"पाच आहे ना ते," बाई म्हणाल्या.

"पाच असो नाहीतर पन्नास! उत्तर दिलंत का?"

"पाचाला देत नाहीत."

मला इतका संताप आला, की मी त्यांना नाही नाही ते बोललो. गादीवाल्यांचा नियम लेकीला लावता, अक्कल गहाण टाकलीत का, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, लिहिलं तर आणखी चिडेल. थांबावं थोडं. मग थांबता थांबता इतके दिवस गेले, की आता कुठल्या तोंडानं लिहायचं तेच कळेना. माफीवाले, तुम्ही द्याल का लिहून?"

मी बसलो लिहायला. बावीस वर्षांचा अनुभव. पहिल्याच ओळीत 'आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल' असं उमटलं. ते फाडलं. दुसऱ्या कागदावरही तेच, जरा वेगळ्या शब्दांत. शेवटी बाईंनीच पेन घेतलं आणि आपल्या भाषेत चार ओळी लिहिल्या. 'तुला सहन होत नव्हतं आणि मी तुला आकडा सांगितला. तू रडत होतीस ते मला ऐकू आलं होतं. ऐकू येऊनही मी तसं बोलले. माझं चुकलं.' मी ते वाचून खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. समोर भिंत आणि पाइप, दुसरं काही दिसत नाही तिथून.

त्या ओळी टाइप करून ईमेलनं पाठवल्या. दोन दिवसांत उत्तर आलं. बाईंनी प्रिंट काढून माझ्यापुढे धरला. 'आई, तुझं पत्र मिळालं, छान वाटलं. इट्स ओके. जुनी गोष्ट आहे. मला आता दुसरीकडे चांगलं काम आहे. तब्येतीची काळजी घे.'

"झालं की काम!" मी म्हणालो. चहा मागवला.

बाई चहा घेईनात. कागद पुन्हा पुन्हा वरून खाली वाचत होत्या, पेन्सिल हातात. "माफीवाले, याला किती?"

मी कागद नीट पाहिला. ही वाक्यं माझ्या ओळखीची होती. हात झटकून मोकळं व्हायचं असतं तेव्हा मी गिऱ्हाइकाला अशीच वाक्यं लिहितो. कुठेही एक वाकडा शब्द नाही, आणि पुढे बोलायलाही काही नाही.

"चांगल्या पत्राला आकडा नसतो, बाई," मी खोटं बोललो.

"मलाही सापडला नाही," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून दर रविवारी बाई मुलीला फोन करतात. ती उचलते. न चुकता उचलते, गोड बोलते, पाच मिनिटांनी "ठेवू का?" म्हणते. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बाई मला सगळं सांगतात. आधी सांगायच्या ते जेवलीस का, पाऊस आहे का, एवढंच असायचं. मग त्यांनी मुद्दाम खोड्या काढायला सुरुवात केली. एकदा म्हणाल्या, "तिला सांगितलं, पहिली नोकरी सोडलीस ते चुकलंच तुझं. म्हणाली, असेल गं." दुसऱ्या आठवड्यात तिच्या नव्या घराला नावं ठेवली. ती म्हणाली, हो, जरा लहानच आहे. तिच्या केसांना, तिच्या आवाजाला, तिच्या मैत्रिणींना, कशाकशाला नावं ठेवून झाली. बाई मला हे सांगताना हसतात आणि मीही हसल्यासारखं करतो. पण त्या काय शोधताहेत ते मला ठाऊक आहे, आणि मला ते बघवत नाही.

काल सोमवार होता. बाईंनी डबा उघडला, पण हात लावला नाही.

"काल सरळ म्हटलं तिला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तू लहानपणापासून हट्टी. कुणाचं ऐकायचं नाही, कुणाला धरून राहायचं नाही. अशीच एकटी मरशील माझ्यासारखी. मला वाटलं, आता तरी फोन आपटेल. इंग्रजीत काहीतरी घालूनपाडून बोलेल."

"मग?"

"म्हणाली, खरंय गं आई. आणि विचारलं, बीपीच्या गोळ्या वेळेवर घेतेस ना?"

मी माझी भाजीची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

"पूर्वी असं बोलले असते ना," बाई म्हणाल्या, "तर घर डोक्यावर घेतलं असतं तिनं." आणि डबा तसाच बंद करून त्यांनी पिशवीत ठेवला.